दवाचं कुंपण

कशेळे, ३ डिसेंबर

भागी,

वर 'नमस्कार' लिहू की 'आशीर्वाद', यातच माझी पंधरा मिनिटं गेली. आपल्या दोघींत मोठी कोण हे चाळीस वर्षांत ठरलेलं नाही. तू म्हणतेस, मोठा पूर आला त्या साली तुझा जन्म. पूर कुठल्या साली आला असं विचारलं की म्हणतेस, माझा जन्म झाला त्या साली. तेव्हा दोन्ही सोडून देते. कशी आहेस?

वनिता, हे पत्र तू वाचणार आहेस हे मला माहीत आहे. आईजवळ बसून मोठ्यानं वाच, तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. आणि ओळी गाळू नकोस. माझ्या वर्गात होतीस तेव्हापासूनची तुझी खोड आहे ती.

फोन करून पाहिला, सहा वेळा. तो लागत नाही, किंवा माझ्याच नंबरावरून लागत नाही. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. साजगावचा पत्ता डोंगरावरच्या वाडीतल्या अंबाबाईच्या सुनेनं दिला. दिला, पण कुरकुरत.

भात घरात आलं. यंदा कापणीला कर्जतहून माणसं आणावी लागली. चार दिवसांचं काम त्यांनी सात दिवस पुरवलं. एकजण कानात वायर घालून गाणी ऐकत कापत होता. पेंढ्या इतक्या सैल बांधल्या की डोक्यावर घेतल्या की अंगावर सुटायच्या. तू असतीस तर एकेकाची आई-माई काढून बांधाबाहेर घालवलं असतंस. मला शिव्या येत नाहीत, मी आपली "अहो, जरा नीट" म्हणत त्यांच्या मागे फिरले. शेवटच्या दिवशी त्यातला एकजण मला म्हणाला, "आजी, तुम्ही सावलीत बसा." आजी! मला या गावात आजवर कोणी आजी म्हटलेलं नाही. बाई म्हणजे बाई.

तुला वाडी सोडून आठ महिने होतील. मी जूनमध्ये पुण्याहून परत आले तेव्हा वाटलं होतं, लावणीला येशीलच. मग वाटलं गणपतीला. मग कापणीला. सकाळी सहाला मागच्या दाराची कडी मी अजून काढते. कोणी येणार नसतं, पण हात जातो.

तुझा हात कसा आहे? बोटं मिटतात का? भाकरी थापता येते का?

कधी येतेस ते कळव. वनिताला लिहायला सांग, चार ओळी पुरेत.

तुझी,
बाई


कशेळे, ११ जानेवारी

भागी,

उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, पोचलं असणार, परत आलेलं नाही. ठीक आहे.

यंदा थंडी आलीच नाही. गोधडी एकदाच काढली, ती उन्हात घालायला. आज सकाळी शेताच्या वरच्या बांधावर गेले आणि गवतावरून हात फिरवला. हात कोरडाच राहिला आणि गवताचा चुरा हाताला लागून आला. संक्रांत अजून व्हायची आहे. वाडीखालचा झरा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, तो मार्गशीर्षातच आटला. अंबाबाई आणि बाकीच्या बायका खालच्या बोअरिंगवर येतात, माझ्या दारावरून जातात. माझ्याशी बोलतात. तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

परवा कृषी सहाय्यक आला होता, ऋतिक नावाचा नवा मुलगा. मला म्हणाला, "मॅडम, राब कशाला भाजता? त्याची काही गरज नाही." मी त्याला खुर्ची दिली आणि शिकवायला लागले, खोड जात नाही. म्हटलं, जिथे भाताची रोपं करायची ती जागा आधी भाजावी लागते. खाली शेण, त्यावर पाला, त्यावर फांद्या, मग गवत, आणि सगळ्यावर मातीचा हात. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग सरपटत येते, धावत नाही. तण मरतं, रोप जोमानं येतं. हे सगळं मला तूच शिकवलंस, पण ऐटीत मीच सांगितलं.

त्यानं विचारलं, "आणि वरचं डोंगराचं गवत पेटू नये म्हणून काय करता?" म्हटलं, पहाटे लावायचं. पहाटे बांधावरचं गवत दवानं चिंब असतं. आग तिथवर येते आणि फुसफुसून विझते. तो म्हणाला, "म्हणजे दवाचं कुंपण." मुलाला मराठी चांगलं येतं. मग म्हणाला, "आणि दव पडलंच नसेल तर?"

मी उठून त्याच्यासाठी लाडू आणायला गेले.

त्यानं मोबाइलवर आकडेही दाखवले. पाऊस चार दिवसांत धो धो कोसळतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. गवत पुरुषभर वाढतं, मग थंडी आखूड आणि फेब्रुवारीतच एप्रिलचं ऊन, की तेच गवत दोन महिने आधी वाळून उभं. त्यामुळे वणवे लवकर लागतात आणि लागले की आवरत नाहीत. श्रावण कोरडा गेला त्या साली तर डोंगराच्या अंगात ओल अशी राहिलीच नव्हती. आपली आग लागली ती त्याच सालातली.

गेल्या शिमग्याआधी आपण राब लावला, आग बांध ओलांडून डोंगर चढली आणि वाडीतली दोन घरं गेली, तुझं आणि अंबाबाईचं. यात आपला दोष किती आणि हवेचा किती, असं मी मनाशी मांडत बसते. दर वेळी हवेच्या वाट्याला जास्त येतो. तू वनरक्षकासमोर जे बोललीस ते बोललीस, ते कागदावर गेलं. वाडीनंही तेच धरून ठेवलं. आता त्याला कोण काय करणार?

हे पत्र पुन्हा वाचलं. शेवटची ओळ मला आवडलेली नाही, पण खोडाखोड करून पाठवणं बरं दिसत नाही.

तिळगूळ घे. कागदातून पाठवता येत नाही म्हणून नुसतं लिहिते.

बाई


कशेळे, ४ फेब्रुवारी

भागी,

काल मी साजगावला येऊन गेले. वनितानं तुला सांगितलं का? नसेल सांगितलं असं वाटतं, म्हणून मीच सांगते.

जीपनं कर्जत, तिथून खोपोली, मग रिक्षा. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत खोल्यांची रांग, तुमची शेवटून दुसरी. नंबर विचारावा लागला नाही. बाहेर दोरीवर तुझं हिरवं लुगडं वाळत होतं, पदराजवळ मी रफू केलेलं. दोऱ्याचा रंग जुळला नाही म्हणून तू महिनाभर मला चिडवलं होतंस. त्या लुगड्याला हात लावून मी उभी राहिले. कोणी पाहिलं असतं तर लुगडेचोर म्हणून धरलं असतं.

वनिता दारात आली. "आई निजली हाय," म्हणाली. अकरा वाजता, आणि तू निजलेली! मी म्हटलं, उठेपर्यंत थांबते. ती दारातून हलली नाही. पाणी आणून दिलं, ते मी उभ्यानंच प्यायले. आत भांड्याचा आवाज झाला. मला वाटतं तो तुझा होता.

मग ती म्हणाली, "बाई, एकच सांगा. त्या दिवशी काडी कोनी लावली? येवढं तुमच्या तोंडानं सांगा, मी आईला आत्ता उठवते."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "उशीर होतोय गं, कशेळ्याची जीप जाईल."

अकरा वाजले होते, भागी. जीपा संध्याकाळी सातपर्यंत असतात.

वनितानं माझ्या हातातलं भांडं घेतलं. "जावा तर मग," म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या जागी असते तर पाणीही दिलं नसतं.

परतताना सगळा वेळ मला माझाच राग येत होता. फळ्यावर रोज एक सुविचार लिहून मी नोकरी काढली. 'नेहमी खरे बोलावे' हा तर इतक्यांदा लिहिला की ती अक्षरं पुसली तरी दिसायची.

घरात बोलायला कोणी नाही असं नाही. टीव्ही आहे. अजेय पुण्याहून रोज फोन करतो, "आई, गोळी घेतलीस का?" लेकाचं कर्तव्य करतो बिचारा. पण "बाई, तुमचं चुकतंय" असं तोंडावर म्हणणारं माणूस राहिलं नाही. तू दिवसातून चारदा म्हणायचीस. मी चिडायचे, आणि तूही चिडायचीस, आणि मग आपण दोघी वालाच्या शेंगा सोलत बसायचो. मला तुझी फार आठवण येते. एवढंच सांगायला काल आले होते असं समज. एवढं तरी खरं आहे.

बाई


कशेळे, २७ फेब्रुवारी

भागी,

आज कळशीनं पाणी वाहून बोटं अवघडलीत, अक्षराला हसू नका दोघी.

तीन दिवस उष्णतेची लाट आहे. फेब्रुवारीत! दुपारी दार उघडलं की तव्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. आज जेवून जरा पडले होते, तेवढ्यात धुराचा वास आला. बाहेर येऊन पाहते तो माझ्या शेताच्या वरच्या अंगाला डोंगर पेटलेला. कोणी म्हणतं फार्महाऊसवाल्यांची सिगारेट, कोणी म्हणतं डुकराच्या शिकारीला आलेल्यांनी लावलं. कोणीही लावो. पूर्वी वणवा दिसला की आपण म्हणायचो, संध्याकाळी वारा पडला की विझेल. आज तो नुसत्या उड्या मारत होता. इकडचं गवत पेटायच्या आधी पलीकडचं पेटायचं.

वाडी सगळी खाली धावत आली. बायका, म्हातारे, सगळे. आग झोडपायला हिरवी फांदी लागते, आणि हिरवी फांदी सापडेना! झाडं खराट्यासारखी उभी. शेवटी माझ्या परसातली आंब्याची डहाळी तोडली. मी कळशीनं पाणी नेत होते, पण मी पोचेपर्यंत अर्धं हिंदकळून जायचं. दोन तास झोडपल्यावर माझ्या बांधाशी आग विझली. वाडीकडे गेली नाही.

मग सगळे माझ्याच बांधावर बसले, धुरानं काळे होऊन. मी पाणी वाटत होते. अंबाबाईला विडी ओढायची होती, तिनं काडेपेटी बाहेर काढून ठेवली. तिची नात चार वर्षांची, तिनं ती उचलून खुळखुळवली. तशी अंबाबाईची सून अंगावर ओरडली, "ठेव ती! भागी व्हायचंय का तुला?"

सगळे हसले. नेहमीचंच असावं तसं हसले. म्हणजे वाडीत आता पोरांना असं भिववतात. भागी म्हणजे गाव पेटवणारी.

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. मी उभी राहिले की ती माणसं अजून गप्प होतात, निम्मी माझ्या हातची शिकलेली आहेत. म्हटलं, ऐका. गेल्या वर्षीची काडी भागीनं लावली नव्हती. मी लावली.

वनिता, हे सावकाश वाच. तू विचारलं होतंस, हे त्याचं उत्तर आहे. मी त्यांना सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

शनिवारची पहाट होती. दुपारी अजेय गाडी घेऊन येणार होता, मला दोन-तीन महिन्यांसाठी पुण्याला न्यायला. राब भाजून टाकल्याशिवाय मला जायचं नव्हतं. भागीनं बांधावरच्या गवताला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बाई, आज नको. गवत ओलं नाय. दोन दिस द्या, मी वरच्या अंगाला गवत काढून पट्टी साफ करते, मग लावू." मी म्हटलं, चाळीस वर्षांत आपण कधी पट्टी काढली? ती म्हणाली, "तवा दव व्हतं." मी म्हटलं, आता तू मला शिकवणार! तिनं काडेपेटी दिली नाही, कमरेला खोचली. मी तिच्या कमरेची ती ओढून घेतली. ती बांधावर पाठ करून बसली. काडी मी ओढली.

आग बांधाशी आली आणि थांबली असं मला वाटलं. मी "बघ!" असं म्हणालेसुद्धा. तेवढ्यात ती पलीकडे गेली. भागी वाडीकडे धावत सुटली, आगीच्या पुढे. मी बांधावरच उभी राहिले.

वनरक्षक आला तेव्हा माझा अजेयही आला होता. त्यानं माझा दंड धरला होता, "आई, तू काही बोलू नकोस." वनरक्षकानं विचारलं, कोणी लावली? भागीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच लावली," म्हणाली. तिचा उजवा हात भाजला होता म्हणून कागदावर डावा अंगठा घेतला. मी तिथे उभी होते. अजेयनं दंड धरला होता, तोंड धरलं नव्हतं.

एवढं सांगून मी थांबले. मला वाटलं होतं, शिव्या देतील, अंगावर येतील. तसं काही झालं असतं तर बरं वाटलं असतं. अंबाबाई विडी न पेटवता तशीच बसली होती. शेवटी म्हणाली, "सांगितलंस ते बरं क्येलंस, बाई. पन वरीस गेलं ना तिचं."

मग ती नातीला कडेवर घेऊन वर निघून गेली, आणि एकेक करून सगळे गेले.

भागी, मी तुझी अपराधी आहे.

द्वारका


कशेळे, ८ मार्च

भागी,

वनखात्याच्या ऑफिसात जाऊन आले. तिथला साहेब म्हणाला, "आता कशाला बाई, तो कागद जुना झाला." मी म्हटलं, मला कागद आणि पेन द्या. दीड पान लिहिलं. कोण, कधी, कुठे, काडी कोणाची, सगळं. खाली सही केली आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाही. त्याची झेरॉक्स अंबाबाईकडे दिली. तिला वाचता येत नाही, पण तिनं ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाली, रविवारी सुनंला समद्यांम्होरं वाचाया लावते.

अजेयचा फोन आला. "आई, तू कशावर सही केलीस ते तुला कळतंय का?" म्हटलं, कळतंय, सही करायला तुला मीच शिकवलं. चार दिवस झाले, त्यानं गोळीचं विचारलेलं नाही. होईल सरळ. नाही झाला तरी मी ते दीड पान परत मागणार नाही.

यंदा राब लावणार नाही. ऋतिकला बोलावून सांगितलं, बाबा, न भाजता रोपं करायचे तुझे ते गादीवाफे दाखव. तो इतका खूश झाला की दुसऱ्याच दिवशी फावडं घेऊन हजर. शिवाय वाडीतल्या चौघीजणी येऊन वरच्या अंगाला दहा हात रुंद पट्टी साफ करून गेल्या. मी मजुरी काढून ठेवली होती, ती त्यांनी घेतली नाही. "तुज्यासाठी नाय क्येली," म्हणाल्या. आग चढली तर वाडीवरच जाते, हे त्यांचं बरोबर आहे.

सगळ्या डोंगरांवर काळे पट्टे आलेत. सकाळी उठलं की ओट्यावर राखेचा पातळ थर असतो, तो झाडायचा, मग दिवस सुरू करायचा.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. जे होतं ते सगळं वाडीसमोर आणि कागदावर सांगून झालं. म्हणून आज मान वर करून लिहिते, परत ये. मला तू हवी आहेस. शेतासाठी नाही, शेत मी कोणालाही कसायला देईन. तू नुसती येऊन बस. सकाळी सहाला ये, नेहमीसारखी. मी कडी काढून ठेवते. तुला चार दिवस नुसतं भांडायचं असेल तर भांड, मी उलट बोलणार नाही. फार तर एकदा बोलेन.

तुझी वाट पाहणारी,
द्वारका


साजगाव, १८ मार्च

बाई,

मी वनिता. आईनं सांगितलं म्हणून लिहिते. चुका काढू नका.

तुमची पहिली तीन पत्रं मी आईला दाखवली नव्हती, पेटीत टाकली होती. २७ तारखेचं आलं ते मी आधी एकटीनं वाचलं. दोन दिवस तसंच ठेवलं. मग सुट्टीच्या दिवशी आईला सगळी वाचून दाखवली, पहिल्यापासून. पुढचं आलं तेही वाचलं. कापणीच्या माणसांचं ऐकून आई लई हसली. तुम्ही इथं येऊन गेलात ते ऐकून माझ्यावर ओरडली, बाईला उभ्यानं पाणी दिलंस म्हणून. त्या दिवशी ती खरंच झोपली नव्हती, भांडी घासत होती. दारात कोण आलंय ते तिला कळलं नव्हतं. ती माझी चूक.

मला वाटलं होतं, काडीचं ऐकून ती रडेल. रडली नाही. म्हणाली, "त्यात काय नवं? मी तिथंच व्हते. मीच लावली म्हनाले ते माझ्या मनानं म्हनाले, तिनं शिकवलं नव्हतं. त्याचा राग मी कशापायी धरू?"

मी म्हटलं, मग एवढं वर्ष तू बाईंचं नाव का काढलं नाहीस? तर भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "दवाखान्यात एकवीस दिस व्हते गं. रोज चार वाजता भेटायला सोडायचे, तवा मी दाराकडं बघायचे. बाजूच्या खाटंवरची इचारायची, तुजं कोन येनार हाय? मी सांगायचे, आमच्या बाई येनार हायत."

बाई, मी तुमची पाचही पत्रं परत काढून बघितली. हात कसा आहे ते तुम्ही विचारलंय. दवाखाना कुठंच नाही.

काल अंबामावशी स्वतः आली होती. सोबत तुमचा तो कागद आणि वाडीतली तिघं. आईच्या पाया पडायला लागली तर आईनं तिला हाताला धरून उठवलं. आई उद्या तिच्यासोबत वाडीवर जाते. घर उभं राहीपर्यंत अंबामावशीच्या नव्या घराच्या पडवीत राहील. मी नको म्हटलं, ऐकत नाही. तिला इथं कारखान्याच्या भोंग्यानं झोप येत नाही.

तुमच्याकडं यायचं का, असं मी विचारलं. त्यावर जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहायला सांगितलंय. म्हणून लिहिते.

"बाईला लिव, चाळीस वरसं मी खाली आले. आता तुमी वर या. च्या बिनदुधाचा भेटंल. सात बकऱ्या व्हत्या, त्या तवाच जळल्या."

वनिता